फोर्कचा कोड प्रोसेसरगणिक वेगळा ठेवावा की एकत्र करावा?

तुमचा छोटासा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एक्स८६-६४वर नीट बूट होतोय. आता तो एआरएम६४वर न्यायचाय, आणि रिस्क-व्हीचा बोर्डही टेबलावर येऊन पडलाय. अशा वेळी पहिला खोळंबा हमखास फोर्कपाशी होतो, म्हणजे चालू प्रोग्रामची (पालकाची) नक्कल करून नवा (पोर) बनवणाऱ्या कॉलपाशी. जुना कोड नव्या फोल्डरमध्ये उतरवून रजिस्टरांची नावं बदलायची, की सामाईक भाग आधी वेगळा काढायचा? मी दोन्ही करून पाहिलंय. कोड आज नाही तर पुढच्या वर्षी एकत्र करता येतो, पण युजर प्रोग्रामला एकदा देऊन बसलेला सिस्टिम कॉल (कर्नलकडून काम करून घ्यायची ठरलेली वाट) परत घेता येत नाही. त्यामुळे घाई कुठे चालेल आणि कुठे नाही, हे आधी ठरवा.

मुळात वेगळं असतं तरी किती? एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेला एक्सव्ही६ आधी एक्स८६वर होता, मग रिस्क-व्हीवर गेला. दोन्हींचा फोर्क शेजारी ठेवून बघा. पालकाचा ट्रॅपफ्रेम (कर्नलमध्ये शिरताना जपून ठेवलेली रजिस्टरं) जसाच्या तसा पोराला द्यायचा, आणि मग एक्स८६वर ईएएक्समध्ये शून्य, रिस्क-व्हीवर ए० मध्ये शून्य. म्हणून पोराला फोर्कमधून शून्य मिळतं. शिवाय पोर पहिल्यांदा कर्नलमध्ये जागं होईल तेव्हा कुठे उतरेल, तो पत्ता एकीकडे ईआयपीत, दुसरीकडे आरएमध्ये. मेमरीची नक्कल, उघड्या फाइली, पालकाचा पॉइंटर या सगळ्याला प्रोसेसरचं काही पडलेलं नाही. थ्रेड आले की त्यात टीएलएसच्या (प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या डेटाच्या जागेच्या) रजिस्टरची भर पडते. इतकंच.

म्हणून प्रत्येक प्रोसेसरसाठी पूर्ण प्रत ठेवण्याचा मार्ग मला फक्त एकाच परिस्थितीत पटतो: सेमिस्टरचा प्रोजेक्ट आहे आणि परीक्षेनंतर कोणी तो उघडणार नाही. लिनक्सने हा मार्ग बराच काळ चालवला. फोर्क, क्लोन (थ्रेडही बनवू शकणारा फोर्कचा भाऊ), कर्नल थ्रेड सुरू करणारं फंक्शन, सगळं ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये. काही ठिकाणी तर कर्नल थ्रेड सुरू करण्यासाठी कर्नल स्वतःलाच सिस्टिम कॉल करायचा! २०१२च्या सुमारास लिनक्सचे डेव्हलपर अल विरो यांनी ही पसरलेली भांडी गोळा करून सामाईक फोर्कच्या फाइलमध्ये आणली. प्रोसेसरकडे मुख्यतः कॉपी_थ्रेड नावाचा एक हूक (सामाईक कोड ज्याला हाक मारतो ते प्रोसेसरचं फंक्शन) आणि असेम्ब्लीतला परतीचा तुकडा उरला.

सामाईक कोड आणि एक हूक हा दुसरा मार्ग. दोन किंवा जास्त प्रोसेसर असतील तर डोळे मिटून हाच घ्या. फक्त हूकला लागणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या हातात द्या. लिनक्सचा कॉपी_थ्रेड टीएलएसचा पत्ता पालकाच्या जपून ठेवलेल्या रजिस्टरांतून उचलायचा, म्हणजे सिस्टिम कॉल कोणत्या क्रमाने आला हे त्याला गृहीत धरावं लागायचं. २०१५मध्ये जॉश ट्रिपलेट यांनी टीएलएस सरळ पॅरामीटर म्हणून घेणारं दुसरं फंक्शन आणलं. जुनं पूर्ण निघायला २०२० उजाडलं. पाच वर्षं दोन्ही शेजारी नांदत होती. पुढे २०२२मध्ये सगळे तपशील एकाच स्ट्रक्चरमध्ये घालून हूकला देण्याची पद्धत आली. तुम्ही आज सुरुवात करताय, तर थेट तिथूनच करा.

पण कोड एकत्र झाला तरी लिनक्सचं एक दुखणं तसंच राहिलं: क्लोनच्या आर्ग्युमेंटांचा क्रम. एक्स८६-६४वर चौथं आर्ग्युमेंट पोराच्या टीआयडीचा (थ्रेडच्या क्रमांकाचा) पत्ता आणि पाचवं टीएलएस. एआरएम६४ आणि रिस्क-व्हीवर नेमकं उलट. एस३९०वर स्टॅक आधी आणि फ्लॅग नंतर. मायक्रोब्लेझवर मध्येच स्टॅकचा आकार. हे सांभाळायला सामाईक फाइलमध्ये क्लोन_बॅकवर्ड्स, बॅकवर्ड्स२, बॅकवर्ड्स३ असे कॉन्फिग बसलेत. नावं वाचून हसू येतं, पण ती काढता येत नाहीत, कारण त्या क्रमावर बांधलेले प्रोग्राम बाहेर आहेत.

मला हे अंगावर बेतून कळलं. स्वतःची छोटी थ्रेड लायब्ररी लिहिताना मी लिबसीला (सी भाषेच्या मूळ लायब्ररीला) वगळून थेट क्लोन मारला होता. लॅपटॉपवर छान चाललं. एआरएम६४च्या बोर्डवर पोर थ्रेड पहिल्या एररनोला (टीएलएसमध्ये राहणाऱ्या चुकीच्या क्रमांकाला) हात लावताच मरायचा. दोन संध्याकाळी कॅशवर संशय घेण्यात गेल्या. टीएलएसच्या जागी टीआयडीचा पत्ता जात होता, हे मॅन पेजच्या अगदी खालच्या टिपांत लिहिलेलं निघालं.

तिसरा मार्ग या दुखण्यावरचा आहे: रजिस्टरांत सुटी आर्ग्युमेंटं न देता एका स्ट्रक्चरचा पत्ता आणि त्याचा आकार द्यायचा. लिनक्समध्ये हा क्लोन३, २०१९च्या ५.३ आवृत्तीपासून. फ्रीबीएसडीचा टीएचआर_न्यू आणि ओपनबीएसडीचा टीफोर्क याच घाटाचे आहेत. क्रमाचा घोळ इथे उरतच नाही. स्टॅकही सगळीकडे एकाच पद्धतीने सांगायचा, सर्वांत खालचा पत्ता आणि लांबी. वरचं टोक कर्नल काढतो. स्ट्रक्चर आधी ६४ बाइटचं होतं, मग ८०, मग ८८ झालं, आणि जुने प्रोग्राम तसेच चालत राहिले.

फुकट मात्र काही नाही. सेककॉम्पच्या (सिस्टिम कॉल अडवणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या) फिल्टरला रजिस्टर दिसतात, पॉइंटरच्या पलीकडचं दिसत नाही. त्यामुळे नवी नेमस्पेस (प्रोसेसला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणारी चौकट) मागणारा क्लोन अडवता येतो, क्लोन३ मात्र आत डोकावून तपासता येत नाही. २०२१मध्ये जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची लिबसी) २.३४ने थ्रेडसाठी क्लोन३ वापरायला घेतला आणि जुन्या कंटेनर रनटाइमांत थ्रेडच सुरू होईनात. ते अनोळखी कॉलला ‘असा कॉलच नाही’ असं सांगण्याऐवजी ‘परवानगी नाही’ म्हणत होते, आणि जीलिबसी जुन्या क्लोनकडे वळते ती फक्त पहिलं उत्तर मिळाल्यावर. आणखी एक भ्रम नको: क्लोन३ घेतला म्हणून असेम्ब्ली सुटत नाही. नव्या स्टॅकवर परतीचा पत्ताच नसतो, तेव्हा लिबसीत प्रत्येक प्रोसेसरसाठी थोड्या ओळी लिहाव्याच लागतात.

तर ठरवायचं असं. आतला कोड दुसऱ्या मार्गाने. बाहेरचे प्रोग्राम अजून नसतील तर पहिल्या दिवसापासून स्ट्रक्चर आणि आकार. प्रोग्राम असतील तर जुना कॉल आहे तसा सोडा आणि नवा शेजारी बसवा. सॅंडबॉक्स हा तुमच्या कर्नलचा मुख्य उद्देश असेल, तर मात्र नेमस्पेससारख्या धोक्याच्या गोष्टींसाठी वेगळा कॉल ठेवा, त्या स्ट्रक्चरमध्ये कोंबू नका. स्पार्कचा फोर्क पालक-पोर ओळखायला दुसरं रजिस्टरही वापरतो, आयए-६४ला दोन दिशांना वाढणारे दोन स्टॅक लागायचे. असले प्रोसेसर तुमच्या यादीत नसतील तर त्यांच्यासाठी आत्तापासून हूक वाढवत बसू नका. आयए-६४ तर लिनक्सनेही ६.७मध्ये काढून टाकला.

आणि पोर्ट सुरू करण्याआधी एक टेस्ट लिहा: पोर थ्रेडने थ्रेड-लोकल व्हेरिएबल लिहावं, पालकाने पोराचा टीआयडी शून्य होईपर्यंत थांबावं, मग स्वतःचं व्हेरिएबल तसंच आहे का ते पाहावं. ती क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये तिन्ही प्रोसेसरवर चालवली असती, तर माझ्या त्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.