भयपटांतल्या बंदुका: एका चित्रपटसेवेच्या संग्रहाचे परीक्षण

आमच्या ब्रॉडबँड जोडणीबरोबर जी चित्रपटसेवा मिळते, तिच्या भयपटांच्या विभागात १९६८ पासूनचे इंग्रजी चित्रपट हिंदी उपशीर्षकांसह पाहता येतात. महूचे इन्फन्ट्री स्कूल आणि बिजासन रस्त्यावरची सीमा सुरक्षा दलाची शस्त्रप्रशिक्षण संस्था ज्या इंदूरच्या पंचक्रोशीत आहेत, तिथे हे चित्रपट पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी निदान एन.सी.सी.च्या शिबिरात पॉइंट टू टू रायफल चालवलेली असते. मीही बरीच वर्षे एन.सी.सी.च्या मुलांना फायरिंग रेंजवर नेत होतो. त्यामुळे या संग्रहाकडे मी एकाच बाजूने पाहिले: पडद्यावरची माणसे हातातले शस्त्र कसे वापरतात?

संग्रहातल्या बहुतेक नव्या चित्रपटांची या बाबतीत निराशाजनक अवस्था आहे. अंधाऱ्या घरात शिरणारे पात्र पहिल्या पावलापासून बोट ट्रिगरवर ठेवते, पिस्तुलाची नळी सोबत्यांच्या पाठीवर रोखून चालते आणि एक गोळी झाडून राक्षस खाली पडला की शस्त्र तिथेच टाकून पळत सुटते. रामबागेतल्या आमच्या घरी हे पाहताना एन.सी.सी.त असलेली माझी भाची म्हणाली, "मामा, रेंजवर असं केलं असतं तर उस्तादांनी तिला तिथूनच परत पाठवलं असतं." तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे. छऱ्यांच्या बंदुकीचा (शॉटगनचा) एक बार अख्खे दार व्यापतो असेही हे चित्रपट दाखवतात. प्रत्यक्षात खोलीच्या अंतरावर छरे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत पडतात, म्हणजे तिथेही नेम धरावाच लागतो. मिनिटाला सहाशे गोळ्या झाडणाऱ्या रायफलीचे तीस गोळ्यांचे मॅगझिन तीन सेकंदांत संपते, पण इथले नायक पूर्ण प्रसंगभर ट्रिगर दाबून ठेवतात आणि दिग्दर्शकाला गरज पडेल तेव्हाच त्यांच्या गोळ्या संपतात. अशा वेळी माझी भीती विरून जाते, कारण पुढचे संकट राक्षसामुळे आलेले नसते, पटकथेच्या सोयीने आलेले असते.

याच संग्रहातले जुने चित्रपट मात्र आवर्जून पाहावेत असे आहेत. 'हॅलोविन' (१९७८) मध्ये डॉ. लूमिस रिव्हॉल्व्हरमधल्या सहाही गोळ्या खुनी मायकेल मायर्सवर झाडतो आणि तो सज्जावरून खाली कोसळल्यावर पुन्हा काडतुसे न भरताच त्याला पाहायला कठड्याशी जातो. ही चूक आहे, पण घाबरलेल्या डॉक्टरच्या हातून सहज होईल अशी आहे, म्हणून ती खटकत नाही.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) याहून फार पुढे जातो. जिवंत झालेल्या प्रेतांनी वेढलेल्या घरात काही माणसे अडकतात. त्यांतल्या बेनला तिथे रायफल सापडते आणि तेव्हापासून घरातला खरा झगडा ती कोणाच्या हातात राहणार यावरून चालतो. घरातलाच दुसरा पुरुष कूपर ती हिसकावतो आणि शेवटी बेनच्याच गोळीला बळी पडतो. रात्रभर तग धरलेल्या बेनला सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधाऱ्यांच्या टोळीतला एकजण दुरूनच त्या प्रेतांपैकी एक समजून गोळी घालतो. लक्ष्य ओळखल्याशिवाय गोळी झाडायची नाही हा नियम मी वर्षानुवर्षे घोकून घेतला, परंतु तो मोडल्याने काय होते हे इतक्या थेटपणे मुलांपुढे मला कधीच मांडता आले नव्हते.

'एलियन्स' (१९८६) मधली चूक वेगळ्या जातीची आहे. परग्रहावरच्या प्राण्यांशी लढायला गेलेले सैनिक अणुभट्टीच्या शीतकरण यंत्रणेजवळ पोचतात. तिथे गोळी झाडली तर स्फोट होईल म्हणून सैनिकांची मॅगझिन काढून घेतली जातात, दोघे जण मात्र गुपचूप दारूगोळा जवळ ठेवतात आणि पुढचा सारा विनाश तिथून सुरू होतो. लक्ष्याच्या मागे काय आहे याचा विचार न करण्याचा हा परिणाम आहे. त्याच चित्रपटात हिक्स हा सैनिक नायिका रिप्लीला रायफल शिकवतो तो प्रसंग मला विशेष आवडतो, कारण ती आधी नीट शिकते आणि मगच लढते.

सर्वांत समाधान मला 'ट्रेमर्स' (१९९०) ने दिले. बर्ट आणि हेदर हे दांपत्य तळघरात शिरलेल्या प्रचंड किड्यावर एकामागून एक शस्त्रे रिकामी करते तेव्हा दोघेही गोंधळत नाहीत, गोळ्या संपल्या की पुढचे शस्त्र उचलतात, आणि तरीही किडा लवकर मरत नाही, म्हणून तो अधिक भयंकर वाटतो. बर्टने मेल्विन या पोरसवदा मुलाला मुद्दाम रिकामे रिव्हॉल्व्हर दिलेले असते. ते परत घेताना, ते रिकामे असल्याचे ठाऊक असूनही, तो उघडून तपासतो. क्षणभराचा हा तपशील लिहिणाऱ्याला किंवा करणाऱ्याला शस्त्राची जाण होती, हे त्यातून कळते.

सेवेबद्दल दोन तक्रारी आहेत. उपशीर्षके अनेकदा संवादाच्या मागे राहतात, आणि गोळीबाराच्या प्रसंगांत आवाज इतका दाबलेला आहे की रायफल आणि पिस्तूल यांतला फरक ऐकू येत नाही. हेडफोन लावल्यावर तो थोडा जाणवतो. वर उल्लेखलेल्या चार चित्रपटांसाठी एका महिन्याची वर्गणी पुरेशी आहे; नव्या चित्रपटांसाठी ती पुढे चालू ठेवण्याची शिफारस मी करणार नाही.