नागपूरच्या रामदासपेठेतील एका अतिदक्षता विभागाची आहारसेवा : अभिप्राय

अमरावती मार्गावरील अपघातात माझ्या भाच्याच्या मांडीचे हाड आणि बरगड्या मोडल्या, प्लीहा काढावी लागली आणि त्यानंतर तो रामदासपेठेतील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होता. शस्त्रक्रियांविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही. नातेवाइकांचे लक्ष सहसा बिल हाती पडल्यावरच जिकडे जाते, त्या आहारसेवेपुरताच हा अभिप्राय आहे.

रक्तदाब स्थिरावताच, 48 तासांच्या आत, नाकातील नळीतून आहार सुरू झाला. पंपाचा वेग मात्र ताशी अवघा 20 मिली होता. ‘इतक्याने काय होणार’ या आमच्या प्रश्नावर आहारतज्ज्ञ बाईंनी शांतपणे उत्तर दिले. मोठ्या इजेनंतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून ऊर्जा काढते आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण कॅलरी दिल्या तरी ही झीज थांबत नाही, उलट रक्तातील साखर चढते. म्हणून काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वजनाच्या किलोमागे सुमारे 25 कॅलरी आणि 1.3 ग्रॅम प्रथिनांपर्यंत जायचे. 70 किलोच्या रुग्णासाठी हा हिशेब रोज 1750 कॅलरी आणि 91 ग्रॅम प्रथिने असा येतो. झोपेसाठी चालू असलेले प्रोपोफॉल हे औषध स्निग्ध द्रावणात असते आणि त्याच्या प्रत्येक मिलीतून 1.1 कॅलरी मिळते. तीही त्यांनी आहारातून वजा केली होती. आहार वाढवताना फॉस्फेट आणि पोटॅशियमची तपासणी नियमित होत असे.

या सेवेचे खरे मोल मला खाटेजवळच्या तक्त्यात दिसले. त्यात ‘ठरलेला आहार’ आणि ‘पोहोचलेला आहार’ असे दोन वेगळे रकाने होते. सीटी स्कॅन, ड्रेसिंग किंवा कूस बदलण्यासाठी पंप थांबतो आणि ही खंडित मिनिटे जमत जाऊन दिवसाचा चौथा हिस्सा सहज बुडतो. येथील सिस्टर राहिलेले प्रमाण उरलेल्या तासांत, वेगाची कमाल मर्यादा पाळून, भरून काढत. खाटेचे डोके 30 ते 45 अंश उचललेले आहे ना, हे प्रत्येक पाळीत पाहिले जाई. सामग्री तर अनेक ठिकाणी चांगली असते. पोहोचलेल्या आहाराची अशी नोंद दुर्मीळ असावी, असे मला वाटते.

घरचे काही चालणार नाही, हे सांगताना कर्मचाऱ्यांचा सूर सौम्य होता. आमच्या वहिनी वरणाचे पाणी आणि संत्र्याचा रस घेऊन आल्या होत्या (नागपूरकर दवाखान्यात रिकाम्या हाताने जाईल कसा?). वरणाच्या पाण्यात प्रथिने नगण्य असतात, आणि आंबट रसाने नळीतील प्रथिनयुक्त आहार फाटून नळी तुंबू शकते, हे त्यांना नीट समजावण्यात आले. कालवलेले फीड चार तासांनंतर टाकून देण्याचा नियम ऐन मे महिन्यातही काटेकोर पाळला गेला.

उणिवा मात्र गंभीर आहेत. रविवारी आहारतज्ज्ञ नसतात आणि शनिवारचाच आदेश पुढे चालतो. मांडीच्या शस्त्रक्रियेसाठी मध्यरात्रीपासून पंप बंद ठेवला, शस्त्रक्रिया दुपारपर्यंत लांबली, तरी मधल्या काळात तो पुन्हा सुरू करण्याचा विचार कोणी केला नाही. श्वासनलिकेत ‘कफ’ (cuff, म्हणजे श्वासमार्ग बंद करणारा हवेचा छोटा फुगा) असलेली नळी आधीच बसवलेली असेल आणि शस्त्रक्रिया पोटाची वा श्वासमार्गाची नसेल, तर अनेक ट्रॉमा केंद्रे हा उपवास बराच कमी ठेवतात; येथे सर्वांना एकच नियम होता. बिलात पावडरचे पूर्ण डबे लागले, उरलेल्या पावडरीचा हिशेब मागावा लागला.

सर्वांत मोठी निराशा अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर झाली. व्हेंटिलेटर सुटल्यावर गिळण्याची तपासणी झाली, ही जमेची बाजू. पण वॉर्डात नळी काढताच दोन रकान्यांचा तो तक्ताही बंद झाला. नेहमीचे ताट यायचे, भाचा चार घास खाऊन थकायचा, आणि उरलेले अन्न मावशी तसेच उचलून नेत. किती खाल्ले, हे कोणीही लिहीत नव्हते. येथे रुग्ण ठेवणाऱ्यांनी वॉर्डात आल्याच्या दिवसापासून ती नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांसमोर धरावी. आम्ही तसे केल्यावरच रात्रीचे नळीचे फीड पुन्हा सुरू झाले.