ब्राँझची काडी: फ्लक्स चढवलेली की साधी?

ब्रेझिंग म्हणजे गॅसच्या ज्योतीने काडी वितळवून दोन तुकडे जोडणे. फ्लक्स म्हणजे जागा स्वच्छ ठेवून वितळलेली काडी पसरू देणारा मसाला. तो काडीवर लेप म्हणून चढवलेला असतो किंवा पुडीतून वेगळा घ्यायचा. दोन्ही काड्यांतला धातू एकाच जातीचा. साधारण 58 ते 60 टक्के तांबे, उरलेले जवळजवळ सगळे जस्त, शिवाय थोडे कथील आणि सिलिकॉन. म्हणजे नाव ब्राँझ, पण खरे तर पितळच. 880–890 अंश सेल्सिअसच्या आसपास काडी वितळते. बीड वितळायला 1150 अंशांच्या वर जावे लागते, पोलादाला त्याहून बरेच जास्त. म्हणजे मूळ धातू न वितळवता जोड बसतो. धातू तोच, त्यामुळे सांध्याच्या ताकदीत दोन्ही काड्या सारख्याच. निवड करायची ती फ्लक्स कसा द्यायचा याची.

साध्या काडीचे टोक गरम करून टाकणखाराच्या पुडीत बुडवायचे, लागेल तेवढे उचलायचे. अरुंद कोपऱ्यात काडी हवी तशी वाकवता येते. पण हात बसलेला नसेल तर एका टाक्याला फ्लक्स भरपूर, पुढच्याला काहीच नाही. मग तिथे पितळ पसरत नाही, गोळा होऊन बसते. शिवाय दर वेळी ज्योत बाजूला घ्यायची, तेवढ्यात काम थंड होते. लांब शिवण मारताना हे फार जाचते.

फ्लक्सवाल्या काडीत ही कटकट नाही. काडी वितळेल तसा फ्लक्स उतरत जातो. कधीमधीच ब्रेझिंग करणाऱ्याने डोळे झाकून हीच घ्यावी. महाग पडते, पण चार जोडांसाठी अख्खा पुडीचा डबा घेऊन तो अर्धा फुकट घालवण्यापेक्षा परवडते. दोष तीन. वाकवली की लेप तडकून गळतो, आणि पावसाळ्यात उघडी राहिली तर ओल धरून सुटायला लागतो. कोकणात तर झाकणबंद नळीशिवाय ठेवूच नये. काम झाल्यावर सांध्यावर काचेसारखा थरही जास्त उरतो. तो गरम पाणी आणि तारेच्या ब्रशने काढावाच लागतो, नाहीतर खाली गंज धरतो.

गुऱ्हाळाच्या चरकाची बैठक, जुन्या पंपाचे कवच असे जाड बीड असेल, तर मी फ्लक्सवाली काडी घेऊनही पुडी जवळ ठेवतो. बिडातले ग्रॅफाइट पितळाला चिकटू देत नाही, त्यामुळे पहिला पातळ थर बसवताना काडीवरचा फ्लक्स कमी पडतो. जागा ग्राइंडरने घासली तर ग्रॅफाइट पृष्ठभागावर आणखी सारवले जाते. म्हणून शेवटचा हात कानशीचा असू द्या. काम आधी सगळीकडून तापवा, नंतर कोरड्या राखेत किंवा चुन्यात सावकाश निवू द्या.

पांढरा धूर दिसला की जस्त जळतेय असे समजा. 907 अंशांना ते उकळते. ज्योतीत ऑक्सिजन किंचित जास्त ठेवला की धूर कमी होतो. तरी दारे-खिडक्या उघड्याच हव्यात. या धुराने रात्री सणकून ताप येतो.

सायलेन्सरजवळच्या, सतत तापणाऱ्या बिडाला मात्र दोन्ही काड्या नकोत. साधारण 250 अंशांपुढे पितळी सांध्याची ताकद झपाट्याने घटते. तिथे निकेलचा इलेक्ट्रोड आणि आर्क वेल्डिंगच घ्या.