‘पर्व’ वाचून झालं, आता भैरप्पांचं कोणतं घ्यावं?

मराठी वाचकाची कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांशी ओळख होते ती बहुतेक वेळा ‘पर्व’ या महाभारतावरच्या कादंबरीतूनच. शाप, वरदानं, चमत्कार काढून टाकले की महाभारतात माणसं कशी उरतात, हे एकदा वाचलं की पुढचे काही दिवस दुसरं पुस्तक हातात धरवत नाही. मग ग्रंथालयात किंवा दुकानात त्यांची जाडजूड पुस्तकं ओळीने उभी दिसतात आणि गोंधळ उडतो. २०२५ मध्ये भैरप्पा गेले. आता त्यांच्या वीसहून अधिक कादंबऱ्या आपल्यासमोर आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा उमा कुलकर्णींच्या अनुवादामुळे मराठीत वाचता येतात. निवड चुकली तर वाचक दुसऱ्याच पुस्तकावर थांबतो आणि या लेखकाचं उत्तम काम त्याच्या वाचनातून निसटतं. म्हणून हा थोडा सविस्तर सल्ला.

सगळ्यात जास्त वेळा घडणारी चूक म्हणजे महाभारत झालं म्हणून लगेच रामायण, म्हणजेच ‘उत्तरकांड’ (२०१७) उचलणं. पुस्तक वाईट नाही. सीतेने स्वतः सांगितलेली ही कथा आहे आणि तिच्या मनातली कडवट स्पष्टता जागोजागी जाणवते. पण ‘पर्व’ची खरी ताकद अनेक तोंडांनी बोलण्यात आहे. कुंती, द्रौपदी, भीम, कर्ण, भीष्म असा प्रत्येक जण त्याच घटनांकडे आपल्या जागेवरून बघतो आणि कोणाचंच म्हणणं शेवटचं ठरत नाही. ‘उत्तरकांड’मध्ये आवाज एकटीचा आहे. ‘पर्व’नंतर लगेच वाचलं तर ते उगाच तोकडं वाटतं. ते चार-पाच पुस्तकांनंतर घ्यावं, म्हणजे त्याला न्याय मिळतो.

दुसरं पुस्तक म्हणून ‘वंशवृक्ष’च (१९६५) घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. एक पौराणिक आणि दुसरं विसाव्या शतकातल्या म्हैसूर-नंजनगूडचं, म्हणून त्यांचं नातं चटकन दिसत नाही. पण ‘पर्व’चा कणा कोणता? नियोग, म्हणजे वंश चालवण्यासाठी नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून मूल होऊ देण्याची प्रथा. मूल कोणाचं, बीज देणाऱ्याचं की क्षेत्राच्या धन्याचं, म्हणजे नवऱ्याचं? पांडव पंडूचे आहेत की नाहीत, या एका शंकेवर सगळं युद्ध उभं आहे. हाच प्रश्न भैरप्पांनी ‘पर्व’च्या चौदा वर्षं आधी ‘वंशवृक्ष’मध्ये एका वैदिक ब्राह्मणाच्या घरात आणून ठेवला होता. कपिला नदीच्या काठी राहणारे श्रीनिवास श्रोत्री, नदीत बुडून गेलेला त्यांचा तरुण मुलगा, मागे राहिलेली विधवा सून कात्यायनी आणि तिचं लहान मूल. कात्यायनी शिकायला म्हैसूरला जाऊ लागते, तिथे राजा नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडते आणि पुनर्विवाह करते. मग मूल कोणाकडे राहायचं?

कात्यायनी मुलाला न्यायला सासरी येते, तो प्रसंग सावकाश वाचावा. दुसऱ्या कुठल्याही लेखकाने इथे आरडाओरडा, शिव्याशाप, बंद दरवाजा दाखवला असता. श्रोत्री तिला अडवत नाहीत. वंशाच्या हक्काची बाजू शांतपणे मांडतात आणि निर्णय तिच्यावरच सोडून देतात. त्या मोकळीकीचंच तिला ओझं होतं. ‘पर्व’मधल्या कुंतीचे विचार अजून डोक्यात ताजे असतील, तर हे दृश्य दुप्पट लागतं. म्हणूनच या दोन पुस्तकांमध्ये फार अंतर पडू देऊ नये.

‘वंशवृक्ष’वरचा जुना आक्षेपही सांगायला हवा. कात्यायनीच्या वाट्याला पुढे जे येतं, ते लेखकाने तिला दिलेली शिक्षा आहे असं अनेकांना वाटतं, आणि तो आक्षेप बिनबुडाचा नाही. पण श्रोत्रींच्या हाती शेवटी जे सत्य लागतं, ते वाचल्याशिवाय निकाल देऊ नये. लेखक तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजन टाकतो, फक्त दुसऱ्या पारड्यात फार उशिरा टाकतो. जुनी प्रत विकत घेत असाल तर शेवटची पानं शाबूत आहेत ना, हे आधी बघा. या कादंबरीत ती गेली तर सगळंच गेलं.

कादंबरी दोन घरांत आलटून पालटून चालते: नंजनगूडचं श्रोत्रींचं आणि म्हैसूरचं सदाशिवरावांचं. सदाशिवराव इतिहासाचे प्राध्यापक, भारतीय संस्कृतीच्या इतिहासाचे खंड लिहिण्यात बुडालेले, राजाचे थोरले भाऊ. वाचन थांबवायचं झालं तर घर बदलतं तिथे थांबा. मध्येच सोडलं तर कोण कोणाचं कोण, हे पुन्हा जुळवत बसावं लागतं.

‘वंशवृक्ष’च्या उमा कुलकर्णींनी केलेल्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. उमाताईंची पद्धत वेगळी होती: पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर मोठ्याने वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत उतरवत. कानावाटे आलेली वाक्यं म्हणूनच मोठ्याने वाचली तरी अडखळत नाहीत. संवादांत हे विशेष जाणवतं. तात्त्विक चर्चांमध्ये मात्र संस्कृत शब्दांची गर्दी होते. ती मुळातलीच आहे, अनुवादाच्या माथी मारू नये.

इथून पुढची वाट ‘पर्व’मधलं नेमकं काय आवडलं, यावर ठरवावी.

एकच गोष्ट अनेकांच्या तोंडून ऐकण्यात गोडी वाटली असेल, तर ‘परिशोध’. विश्वनाथ नावाच्या माणसाचा हा शोध आहे आणि तो ज्यांच्या ज्यांच्या आयुष्यातून गेला ते लोक आपापला विश्वनाथ सांगतात. याची मुळं ‘गृहभंग’ (१९७०) या कादंबरीत आहेत. तिचा हिंदी अनुवाद आहे. प्लेगच्या काळातलं कर्नाटकातलं खेडं, आळशी आणि खादाड नवरा, तोंडाळ सासू, आणि या सगळ्यात पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून, नवऱ्याच्या नावावरचे गावकीचे हिशेब स्वतः लिहून घर चालवणारी नंजम्मा. भैरप्पांची आई आणि भावंडं प्लेगमध्येच गेली. ‘माझं नाव भैरप्पा’ हे आत्मचरित्र या दोन्हींनंतर वाचावं. आधी वाचलं तर कादंबरीतल्या प्रत्येक पात्रामागे खरा माणूस शोधण्याची खोड लागते.

समाजाची उतरंड आणि तिच्यातली हिंसा जास्त भिडली असेल, तर ‘जा ओलांडुनी’. मूळ ‘दाटु’ (१९७३), साहित्य अकादमी पुरस्कार १९७५. पुजाऱ्याची मुलगी सत्यभामा आणि गौडा मंत्र्याचा मुलगा श्रीनिवास यांच्या लग्नाच्या गोष्टीपासून सुरुवात होते आणि हळूहळू सगळं गाव ढवळून निघतं. इथे कोणतीच जात सुटत नाही. ‘वंशवृक्ष’ वाचून भैरप्पा परंपरेचे कैवारी आहेत असा समज झाला असेल, तर तो याच पुस्तकाने तपासून घ्यावा.

संगीताची आवड असलेल्यांना ‘मंद्र’ (२००२) कुठूनही सुरू करता येईल. गायक मोहनलालची कला दैवी आणि वागणं हीन. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात, याचं उत्तर लेखक देत नाही, फक्त दाखवत राहतो. रागांची माहिती नसली तरी अडत नाही, पण रियाझाची वर्णनं घाईने उलटू नयेत. या कादंबरीसाठी भैरप्पांना २०१० चा सरस्वती सन्मान मिळाला. ‘सार्थ’ (१९९८) आठव्या शतकात घडते. व्यापारी तांड्याबरोबर निघालेला नागभट्ट आणि भोवती कुमारिल भट्ट, मंडनमिश्र, शंकराचार्य या तत्त्वज्ञांचा काळ. वादविवाद वाचायला आवडत असतील तरच घ्यावी.

‘तंतू’ (१९९३) मोठी सुट्टी हाताशी असल्याशिवाय उघडू नये. स्वातंत्र्यानंतरपासून आणीबाणीपर्यंतचा पट, संपादक रवींद्र, गावच्या देवळातून चोरीला गेलेली सरस्वतीची मूर्ती आणि चिक्कार माणसं. कन्नड नावांत ‘अय्या’ आणि ‘अम्मा’ सारखे येत राहतात, त्यामुळे पहिल्या पन्नासेक पानांत गल्लत होते. बुकमार्क म्हणून एक कोरा कागद ठेवा आणि नाव, नातं, गाव एवढंच टिपत जा.

‘आवरण’ (२००७) बद्दल फार लोक विचारतात. ती दुसरी म्हणून अजिबात घेऊ नये. तिच्यात प्रतिपादन आधी ठरलेलं आहे आणि पात्रं ते पुढे नेण्यासाठी चालतात. भैरप्पांच्या चांगल्या कादंबऱ्यांत याच्या उलट होतं. शिवाय मुस्लिम राजवटीच्या इतिहासाच्या चित्रणावरून तिच्याभोवती उठलेल्या वादामुळे वाचक आधीच एका बाजूला उभा राहतो आणि नंतर ‘वंशवृक्ष’सुद्धा त्याच चष्म्यातून वाचतो. चार-पाच कादंबऱ्या झाल्यावर वाचली, तर तिच्यातलं काय पटतं आणि कादंबरी म्हणून ती कुठे कमी पडते, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

मराठी आवृत्तीच्या सालावर जाऊ नका. अनुवाद मूळ क्रमाने आलेले नाहीत. आतल्या पानावर मूळ कन्नड शीर्षक आणि साल बघून घ्या, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातला भैरप्पा आणि दोन हजारनंतरचा भैरप्पा यांत गल्लत होत नाही. ग्रंथालयात पुस्तक सापडलं नाही, तर अनुवादित साहित्याच्या कपाटात आणि यादीत ‘कुलकर्णी, उमा’ या नावाखालीही शोधायला सांगा. कित्येक ठिकाणी नोंद अनुवादकाच्या नावावर असते.