स्क्वायर घेऊ की पॅसिफिका?

विश्रामबागेतला भाचा पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना महिनाभर अडलाय: स्क्वायर अ‍ॅफिनिटी स्ट्रॅट की यामाहा पॅसिफिका ११२ व्ही? काल म्हणाला, "मामा, तूच सांग."

आधी आवाज, कारण खरा फरक तिथेच. स्ट्रॅटला तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे, एकेका वेटोळ्याचे चुंबक. सूर स्वच्छ, काचेसारखा खणखणीत. पण डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) चढवलं की ५० हर्ट्झची घरघर सुरू. ट्यूबलाइटजवळ बसलात तर विचारूच नका. पॅसिफिकाला ब्रिजपाशी, म्हणजे तारा धडावर टेकतात तिथे, हंबकर. हा दोन वेटोळ्यांचा पिकअप, तो ही घरघर दाबतो. शिवाय टोनचं गोल बटण वर ओढलं की तोच सिंगल कॉइलसारखा वाजतो. रॉकसाठी मला हीच बरी वाटते.

लाकूड? स्क्वायरला पॉप्लर, पॅसिफिकाला आल्डर. नवशिक्याच्या कानाला काही कळत नाही, सोडा. दोन्हींचा स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, म्हणजे बोटांना सारखेच कष्ट.

किंमत बघाल तर पॅसिफिकाला सहसा थोडे जास्त मोजावे लागतात. अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा डबा), केबल, सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवून घेणं) यांचे पैसे वेगळे ठेवा. माझ्या पहिल्या गिटारच्या फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या (मानेवरच्या) धातूच्या पट्ट्यांची, टोकं इतकी धारदार होती की तळहात खरवडून निघायचा. म्हणून मोबाइलवर मागवण्याआधी दुकानात जाऊन नेकच्या कडेवरून बोट फिरवून बघा. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात तारा गंजतात, त्या दोन्हींच्या.

फंक, ब्लूज, स्वच्छ सूर हवा आणि बजेट ताणलेलं असेल तर स्क्वायर. कॉलेजच्या बँडमध्ये सगळंच वाजवायचं असेल तर पॅसिफिका. भाच्याला मेटल वाजवायचंय, त्याला पॅसिफिकाच सांगितली.