यूपीआयसाठी वेगळं खातं काढलं, सात-आठ महिने वापरून काय वाटतंय

आधी काय केलंय ते सांगते. पगार येतो आणि घराच्या लोनचा हप्ता कटतो त्या खात्याला यूपीआय पूर्ण बंद. दुसऱ्या बँकेत एक साधं झिरो बॅलन्सचं सेव्हिंग खातं काढलं आणि फोनमधलं पेमेंट अ‍ॅप फक्त त्याला जोडलं. आठवड्याला चार-पाच हजार तिकडे टाकायचे, मग भाजी, रिक्षा, दूध, औषधं सगळं त्यातूनच. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते, त्याचे पैसेपण त्याच खात्यावर येतात.

घरात सगळे म्हणाले एवढा उपद्व्याप कशाला, पिन लावलाय ना, बँक बघेल ना. बँक बघेल हेच तर अर्धवट आहे. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं सर्क्युलर आहे, त्यात तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे उडवले आणि तुम्ही ३ वर्किंग डेजमध्ये बँकेला कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. पण पिन-ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत गेलेलं सगळं तुमचं. आणि यूपीआयच्या बहुतेक भानगडींत होतं काय, समोरचा गोड बोलून, घाबरवून आपल्याच बोटाने पिन टाकून घेतो. 'आज रात्री लाईट कापणार' वाला मेसेज आठवतोय ना, तेच. अशा वेळी खात्यात पैसेच कमी असणं यासारखं दुसरं सेफ्टी फीचर नाही. एरवी लिमिट दिवसाला १ लाखाचं आहे, म्हणजे पगाराचं खातं जोडलेलं असेल तर एका दुपारीच लाखभर जाऊ शकतात.

आता यातली मेख. नुसतं वेगळं खातं काढून भागत नाही. दोन्ही खात्यांना नंबर एकच असेल तर अ‍ॅपमध्ये 'बँक खातं जोडा' केलं की दुसरं खातं आपोआप सापडतं. पिन सेट करायला डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे, एक्सपायरी आणि ओटीपी लागतो, काही बँका कार्डाचा एटीएम पिनही मागतात, आणि ओटीपी येतो त्याच फोनवर! आपल्याकडे तर निम्मी जनता कार्ड मोबाईलच्या कव्हरमध्ये खुपसून फिरते. फोन गेला की दोन्ही गेलं. म्हणून ते कार्ड घरी कपाटात, आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या खात्याचं यूपीआय बंद करायचं बटण होतं ते बंद केलं (सगळ्या बँकांत मिळेलच असं नाही, शाखेत विचारा), कार्डाचं ऑनलाइन आणि इंटरनॅशनलपण ऑफ. दिरांनी मेन खात्याला वेगळा नंबरच घेतलाय, साध्या बटणाच्या फोनमध्ये. मला ते झेपलं नसतं, कारण रिचार्ज विसरला आणि सिम महिनोन्‌महिने बंद पडलं की नंबर दुसऱ्याला मिळू शकतो, मग ओटीपी कुठे जाणार बघा.

अजून एक. खात्याला ऑटो स्वीप असेल, म्हणजे जास्तीचे पैसे आपोआप एफडीत जातात आणि लागले की एफडी मोडून परत येतात, ते खातं यूपीआयला अजिबात जोडू नका. बॅलन्स कमी दिसतो म्हणून आपण निवांत असतो आणि पेमेंट एफडीतून निघून जातं.

खरा उपयोग मात्र वेगळ्याच बाजूने झाला. गौरी-गणपतीच्या धामधुमीत एका अनोळखी गिऱ्हाईकाने मोदकांचे अठराशे रुपये पाठवले, माणूस येऊन डबे घेऊन गेला, विषय संपला. पुढच्या आठवड्यात दूधवाल्याला पैसे जाईनात. शाखेत गेले तर म्हणे दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या तक्रारीत तुमच्या खात्याचं नाव आलंय, होल्ड लावलाय. म्हणजे कोणाचे तरी लुबाडलेले पैसे फिरत फिरत माझ्याकडे आले आणि होल्ड अठराशेवर नाही, अख्ख्या खात्यावर. शाखेतला माणूस 'आमच्या हातात काही नाही' एवढंच म्हणत बसला. ऑर्डरचं चॅट, डब्यांचे फोटो, अर्ज, मेलवर मेल, सुटायला दीड महिना गेला. पण पगार आला, हप्ता गेला, पोराची फी गेली, घर चालू राहिलं. हेच पगाराच्या खात्यावर झालं असतं तर बाऊन्सचे चार्जेस भरत बसले असते. घरून काहीही विकत असाल, अगदी दिवाळीचा फराळ, तर गिऱ्हाईकांचे पैसे पगाराच्या खात्यावर घेऊच नका.

त्रास काय? आहे ना. पैसे टाकायला विसरलं की दुकानात पेमेंट फेल होतं आणि मागे लाईन. एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय, सेव्हिंग खात्याला ऑनलाइन फुकट आहे आणि रात्रीबेरात्रीही चालतं, पण अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचने जातं, घाईत असाल तर लगेच पैसे पोचवणारं आयएमपीएस, त्याला काही बँका चार्ज लावतात. हॉस्पिटलसारख्या खर्चाला हे खातं कामाचं नाही, त्यासाठी पर्समध्ये वेगळं क्रेडिट कार्ड ठेवते. दोन पासबुकं सांभाळा हे आलंच.

यूपीआय लाइटपण चालू केलंय, म्हणजे अ‍ॅपमधलंच छोट्या खर्चाचं पाकीट. पिनशिवाय एका वेळी १००० पर्यंत जातात, आत जास्तीत जास्त ५००० ठेवता येतात. वडापाव-रिक्षाला मस्त, पासबुकात दहा-वीसच्या एंट्र्यांची रांग लागत नाही. पण पिन नाही म्हणजे उघडा फोन ज्याच्या हातात त्याचे पैसे, म्हणून मी पाचशे-सातशेच्या वर भरत नाही आणि ऑटो टॉपअप बंद.

आईला अजून असं खातं काढून दिलेलं नाही. तिच्यासाठी यूपीआय सर्कल बघतेय, त्यात खातं माझंच राहतं आणि ती तिच्या फोनवरून महिन्याला १५००० पर्यंतच खर्च करू शकते, त्याहून कमी लिमिटही लावता येतं. तिचं म्हणणं मात्र, 'तू रोख दे, मला ते टुंग टुंग नको.' १९३० नंबर तेवढा तिच्या फोनमध्ये सेव्ह करून दिलाय, फ्रॉडचा संशय आला की आधी तिथे फोन आणि मग मला.