कापड समुद्रमार्गे पाठवताना: अकरा महिने, पाच खेपा

चादरी, टॉवेल आणि विणलेले टी-शर्ट मी आता अकरा महिने जहाजाने परदेशी पाठवते आहे. पहिल्या तीन खेपा एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये गेल्या. पुढच्या दोन पूर्ण कंटेनरच्या होत्या. त्याआधी सगळं विमानानेच जायचं. विमानाचं भाडं परवडेना म्हणून इकडे वळले आणि इथेच राहणार आहे. पण पहिल्याच खेपेत जे नुकसान झालं ते टाळता आलं असतं, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

त्या खेपेत ९६ खोकी होती. माल पोचल्यावर खरेदीदाराने फोटो पाठवले. १४ खोक्यांमधल्या टॉवेलवर करडे ठिपके पडले होते आणि सगळ्याच मालाला कुबट वास येत होता. माझी पहिली समजूत अशी की कंटेनरला भोक असेल आणि समुद्राचं पाणी आत शिरलं असेल. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाने, डागांवर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहिला. खारं पाणी असतं तर पांढरा साका दिसला असता. तो दिसला नाही. पाणी गोडं होतं, म्हणजे समुद्राचं नव्हतं. ते आमच्या मालातूनच निघालं होतं.

हे पटायला मला वेळ लागला. सुती कापड कोरडं वाटलं तरी साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवतं. लोकर त्याच्या जवळपास दुप्पट धरते, पॉलिस्टर मात्र अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे पाच टन सुती मालासोबत सव्वाचारशे किलोच्या आसपास पाणी आपणच आत कोंडतो. दिवसा डेकवरचा कंटेनर तापतो, कापडातली आणि पुठ्ठ्यातली वाफ हवेत येते. रात्री किंवा जहाज थंड समुद्रात शिरल्यावर छताचा पत्रा गार पडतो, वाफ त्यावर जमते आणि थेंब थेंब खाली टपकते. या धंद्यातले लोक याला ‘कंटेनर रेन’ म्हणतात. आमची खोकी भरली तेव्हा पावसाळी हवा होती, टॉवेल धुलाईनंतर घाईने घडी केलेले होते आणि लाकडी पॅलेटही ओलसर होती. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही.

विम्याचं उत्तरही त्याच धर्तीचं आलं. पॉलिसी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’ची, म्हणजे मालवाहतूक विम्याच्या ठरावीक अटींपैकी सर्वांत व्यापक होती. तरीही मालाच्या अंगचा दोष आणि अपुरं पॅकिंग त्यातून वगळलेलं असतं. उशिरामुळे होणारं नुकसानही वगळलेलं असतं. मोसमी कपडे पाठवणाऱ्यांनी हे कलम पॉलिसी घेण्याआधी वाचावं.

दुसऱ्या खेपेपासून पद्धत बदलली. धुलाईनंतर माल दोन दिवस कोरड्या खोलीत मोकळा ठेवतो आणि गठ्ठ्याच्या आतपर्यंत मीटरची सुई घालून ओलावा मोजतो. खोकीही गोदामातल्या थंड फरशीवर ठेवत नाही. पूर्ण कंटेनर असेल तर कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या बाजूच्या कड्यांना टांगतो. त्या पुष्कळ पाणी ओढतात, पण पिशवी फाटली तर आतल्या द्रवाचे डाग पडतात, त्यामुळे खाली माल येणार नाही अशीच जागा निवडायची. छताखाली वरच्या थरावर पाणी शोषणारा कागद अंथरतो. बुरशी रोखायला डायमिथिल फ्युमरेटच्या पुड्या घालण्याचा सल्ला मला एकाने दिला होता. तो मुळीच ऐकू नका. त्याने त्वचेला गंभीर त्रास होतो आणि युरोपीय संघाने असा माल २००९ पासून बंद केला आहे.

कंटेनर हाती आला की मी आत शिरते आणि दारं बाहेरून बंद करून घेते. कुठून उजेडाची तिरीप दिसली, तर तो परत. मग वास घेते. सूत वास लगेच पकडतं आणि सहज सोडत नाही. आमची तिसरी खेप एलसीएलमध्ये रबरी वस्तूंच्या शेजारी गेली होती. डाग एकही नव्हता, पण चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. एलसीएलमध्ये शेजारी कोण हे आपल्या हातात नसतं, आणि कापडासाठी हाच त्याचा सर्वांत मोठा दोष मला वाटतो.

भाड्याचं गणित मात्र सोपं आहे. एलसीएलला एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. आमचं खोकं ६० × ४० × ४० सेंटिमीटरचं, वजन १४ किलो. म्हणजे घनमीटरला जेमतेम १४६ किलो, आणि पैसे हजार किलोच्या हिशेबाने. घड्या बदलून खोक्याची उंची ४० वरून ३४ वर आणली तेव्हा ९६ खोक्यांचे ९.२ घनमीटर ७.८ वर आले. टॉवेल याहून जास्त दाबू नका, त्यांची लव बसते.

कागदपत्रांत एकच गोष्ट जीव तोडून सांगते. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवर, ‘एक कंटेनर’ एवढंच लिहू देऊ नका, खोक्यांची संख्या लिहून घ्या. हेग-व्हिस्बी हे सागरी मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम लागू असतील तर जहाज कंपनीची जबाबदारी प्रत्येक नगाला ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) किंवा किलोला २ एसडीआर, यातलं जास्त असेल तेवढीच असते. संख्या लिहिलेली नसेल तर अख्खा कंटेनर एकच नग धरला जाऊ शकतो, आणि कापड हलकं असल्याने किलोच्या हिशेबातही फारसं हाती येत नाही. वरून न दिसणारं नुकसान आढळलं तर माल ताब्यात आल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायचं असतं. माझ्या खरेदीदाराने पाचव्या दिवशी कळवलं होतं. आता ही सूचना मी पॅकिंग लिस्टच्या वरच छापते.

एचएस कोडचं, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक ठरवण्याचं, काम एजंट करतो, तरी टी-शर्टसारखे विणलेले (निटेड) कपडे ६१ व्या प्रकरणात, मागावरच्या कापडाचे ६२ व्या आणि चादरी-टॉवेल ६३ व्या, एवढं स्वतः तपासा.

वेळेबद्दल सांगायचं तर जाहिरातीतले दिवस धरून ऑर्डर घेऊ नये. आमची चौथी खेप सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेली, कारण २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. दोन आठवडे जास्त लागले. चादरींना त्याने फरक पडला नाही. टी-शर्ट मात्र मोसम संपता संपता दुकानात लागले, आणि त्यातला पहिला हप्ता यापुढे मी विमानानेच पाठवणार आहे.

चौथ्या आणि पाचव्या खेपेत मिळून एकाही खोक्यावर डाग आला नाही. सहावी पुढच्या आठवड्यात भरायची आहे. टॉवेलचे शेवटचे चार गठ्ठे अजून मीटरवर ८ टक्क्यांच्या वर आहेत, ते खाली येईपर्यंत खोकी बंद होणार नाहीत.